निमित्त नसलेला माणूस

जळगाव,
रविवार, ५ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप नाना यांस,

धाकट्या मामेबहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातून. कमरेचं आणि माझं दिवाळीपासून पटत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत जास्त ठणकतो का? देवपुरात नदीकडून वारा येतो, तेव्हा संध्याकाळी ओट्यावर बसाल तर पायांवर शाल घेत जा. मंजुळावहिनींच्या वड्या-पापडांचं कुठवर आलं? यंदा त्यांनी एकटीनं सगळं करू नये, हाताखाली कुणीतरी बाई घ्यावी. आणि तुमच्या शेजारचे ते मास्तर अजून पोपटाला इंग्रजी शिकवतात का? मागच्या वेळी मी आले तेव्हा पोपट काही बोलत नव्हता, पण मास्तर मात्र शीळ छान घालायला लागले होते.

भुसावळच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या, हे तुम्हाला मी आजवर शंभरदा सांगितलं असेल. त्यांचा पहिला नियम असा की पत्राचा आरंभ समोरच्या माणसाचा, तिथे स्वतःचं रडगाणं येता कामा नये. तो मी वर पाळला आहे (कमरेचं वाक्य सोडून). त्यांचा दुसरा नियम ताज्या कलमाविषयी होता. ज्याचं डोकं आवरलेलं असतं त्याला ता.क. लागत नाही, असं त्या म्हणत. त्या नियमाचं काय करायचं ते शेवटी बघू. आज रविवार आहे, गिरणी बंद आहे, घरात चुलीवर काही नाही, आणि मला तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. गंमत म्हणजे हसण्यासारखी आहेच, पण हसून झाल्यावर मी गेले आठ दिवस तिच्याकडे टक लावून बघते आहे. तुम्ही वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत उभा जन्म काढला, शेकडो माणसं हाताखालून गेली. म्हणून तुम्हालाच लिहिते.

आमची डाळ मिल तुम्ही पाहिली आहे. मालक गौतमचंद शेठ, वय अडुसष्ट, पांढरं धोतर, काळी टोपी. ऑफिसात मी सगळ्यांत जुनी. मद्रासच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला म्हणून शेठजींनी मला घेतलं आणि हळूहळू सगळं ऑफिसच माझ्या पदरात टाकलं. माझ्याखालोखाल पंडितभाऊ. माल पाठवण्याचं काम त्यांच्याकडे. बावीस वर्षं झाली, माणूस दिलदार, आवाज खणखणीत, आणि सवय अशी की सकाळी येताना प्रत्येकाच्या पाठीत एक थाप मारून “काय रे वाघा!” म्हणायचं. (पंडितभाऊंचा चष्मा नेहमी घरी राहतो. त्यामुळे आलेली पत्रं त्यांना कुणीतरी वाचून दाखवावी लागतात. हा कंस लक्षात ठेवा.)

तर गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे पितांबर नावाचा मुलगा कारकून म्हणून लागला. मूळचा शिंदखेड्याकडचा, धुळ्याला बी.कॉम. झालेला, वडील नाहीत, आई भागाबाई. ती बिचारी शेत दिराच्या हवाली करून मुलाला रांधून घालायला जळगावात खोली घेऊन राहिली आहे. मुलाखतीला आला तेव्हा शेठजींनी त्यांच्या पद्धतीनं प्रेमानं विचारलं की घरी कोण कोण असतं. पितांबरनं घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं की आत्ता कोणी नसेल, आई दळण आणायला गेली असेल. शेठजी माझ्याकडे बघायला लागले आणि मी खिडकीकडे. तरी त्याला घेतला. एक वर्ष उमेदवारी, मग कायम. ते वर्ष या महिनाअखेर संपतं, आणि नाना, सगळा घोळ तिथेच आहे.

आधीच सांगून टाकते की मुलगा कुठल्याही विद्येत अफाट वगैरे नाही. माझी भाची म्हणते की असली माणसं गणितात भारी असतात, सिनेमात दाखवतात. आमचा नाही. सतराचा पाढा त्याला माझ्याहून कमी येतो. टायपिंग बरं, चुका तुमच्या-माझ्याइतक्याच, काम वेळेवर. साधा चांगला कारकून. मला वाटतं चांगला कारकून असणं नोकरीला पुरेसं असावं. पण लागल्यावर आठव्या दिवशी त्यानं माझ्याकडे तीन गोष्टी मागितल्या आणि तिथून ऑफिसात कुजबुज सुरू झाली. एक, त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवावी. दोन, त्याच्या डोक्यावरची ट्यूब बंद ठेवावी, कारण ती आवाज करते. तीन, उद्या काही वेगळं काम असेल तर ते आज सांगावं. मागताना तो माझ्याकडे न बघता माझ्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीशी बोलत होता. पंडितभाऊ तिकडून म्हणाले, “अक्का, हा नोकरीला आलाय की जावई म्हणून?”

मला मात्र त्या ट्यूबचं कुतूहल वाटलं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी त्याच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कान देऊन ऐकलं. आधी काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं एखाद्या डासाला कायमची नोकरी लागावी तसा एक बारीक, अखंड आवाज. नाना, ती ट्यूब खरंच बोलते हो! इतकी वर्षं ती माझ्या डोक्यावर बोलत होती आणि मी तिला शांतता समजत होते. तेव्हापासून मला ती सारखी ऐकू यायला लागली, म्हणून मी ती काढूनच टाकली. पितांबरला वाटलं मी त्याच्यासाठी केलं. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

आता पाठीवरच्या थापेचं. एके दिवशी इंदूरचा मोठा व्यापारी यायचा होता. पितांबर डाळींच्या नमुन्यांचा ट्रे घेऊन उभा. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, वाट्या अशा ओळीनं लावलेल्या. मागून पंडितभाऊ आले, “काय रे वाघा!” आणि थाप. वाघ असा किंचाळला की बाहेर हमालांनी पोती खाली टाकली. ट्रे छताकडे गेला आणि पाचही डाळी एकत्र होऊन खाली आल्या. पितांबर टेबलाखाली, दोन्ही हात कानांवर. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून उडदातून मूग वेचतोय, आणि दारात शेठजी इंदूरच्या पाहुण्याला घेऊन उभे. पाहुणा म्हणाला की तुमच्याकडे साफसफाई फारच बारकाईनं चालते. थोड्या वेळानं पितांबर टेबलाखालून निघाला, शर्ट नीट केला आणि पंडितभाऊंना म्हणाला की तुम्ही येताना आधी आवाज द्या, म्हणजे मी दचकणार नाही. यात वाईट काय होतं? पण पंडितभाऊंना ते लागलं. बावीस वर्षं मी सगळ्यांना थाप मारतो, कुणी मेलं नाही, असं ते दिवसभर म्हणत राहिले. (कुणी मेलं नाही हे खरं. पण दुसऱ्या दिवसापासून हिशेबनीस हळूच खुर्ची मागे सरकवून भिंतीला पाठ लावून बसायला लागला. हेही मी टिपलं.)

मग चहाचं झालं. आमच्याकडे चारचा चहा म्हणजे गोलात उभं राहून एकमेकांच्या बशीत ओतायचा. पितांबर आपला स्टीलचा पेला घेऊन बाहेर लिंबाखाली जातो. मग एका बारशाचं झालं, जिथे तो दारातूनच पाळण्याला नमस्कार करून परतला. शेवटी दिवाळीनंतर शेठजींनी मला बोलावून सांगितलं की बाई, मुलगा काम करतो, पण माणसात मिसळत नाही. कायम करायचं तर घरच्यासारखा माणूस पाहिजे. यंदाच्या भरीत पार्टीत बघू, मिसळला तर कायम, नाहीतर राम राम.

तुम्ही फॅक्टरीवाले. तुमच्याकडे अशा गोष्टींना परीक्षा, साहेब आणि शिक्के असतात. आमच्याकडे वांगी असतात.

मी आधी बन्सीलाल वकिलांकडे गेले. पेपरात वाचलं होतं की गेल्या वर्षीपासून अपंगांसाठी मोठा कायदा लागू झाला, नोकरीत त्यांना डावलायचं नाही. वकिलांनी कायदा काढला आणि बोटांवर मोजून दाखवलं. त्यात सात प्रकार. आंधळे, कमी दिसणारे, कुष्ठरोगातून बरे झालेले, कानांनी अधू, हातापायांनी अधू, मग मतिमंद आणि शेवटी मनोरुग्ण. “यातला कोणता तुमचा मुलगा?” मी म्हटलं यातला कोणताच नाही. त्याला दिसतं, चालता येतं, डोकं ठिकाणावर आहे, आणि ऐकू तर जरुरीपेक्षा जास्त येतं. वकील म्हणाले की जास्त ऐकू येणाऱ्यांसाठी कायद्यात जागा नाही, आणि असती तरी खाजगी डाळ मिलला हा कायदा फारसा विचारत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले की थोडा लंगडत चालेल का तो? पायाचा दाखला मिळवायला सोपा जातो. मी ऑफिसात येऊन पितांबरला हा सल्ला गंमत म्हणून सांगितला, तर त्यानं गंभीरपणे विचारलं की कोणता पाय.

कायदा नाही म्हटल्यावर शिकवणी हाती घेतली. आमच्या शाळेत बिशप यायचे तेव्हा सिस्टर आठ दिवस आधीपासून आमच्याकडून हसणं घोटून घ्यायच्या. दात किती दिसावेत, मान किती कलावी. तेच मी पितांबरला शिकवायला बसले. भरीत खाल्लं की ‘वा!’ म्हणायचं. त्याचा प्रश्न: घास तोंडात असताना की गिळल्यावर? मी म्हटलं गिळल्यावर. प्रत्येक घासाला की एकदाच? मी म्हटलं दोन-तीनदा. आवडलं नाही तरी म्हणायचं? मी म्हटलं हो. मग ज्याला आवडलं त्यानं काय म्हणायचं? नाना, इथे मी विणकाम खाली ठेवलं. (विणकाम माझ्या हातात सदा असतं, तुम्हाला ठाऊक आहे. हात चालले नाहीत तर माझे कान चालत नाहीत. सिस्टरांनी मला वर्गात विणू दिलं म्हणून मी मॅट्रिक झाले. शेठजींना वाटतं कॉन्व्हेंटमध्ये ही रीतच असावी, म्हणून ते बैठकीत कधी हरकत घेत नाहीत.) सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मी इतक्यांदा ‘वा’ म्हटलं असेल, आणि ते कशासाठी म्हणतात हे एका कारकुनाला समजावून सांगता येईना.

गेल्या रविवारी पार्टी झाली, आसोद्याच्या वाटेवरच्या मळ्यात. तुम्हाला आठवत असेल तो वास, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजतात तो. पण आवाज आठवतो का? मला या वेळी पहिल्यांदा आवाज ऐकू आला. लाकडी बडगीत चौघं जण दांडक्यांनी धडाधड वांगी कुटताहेत, पुऱ्यांच्या कढईचा चर्रर्र, पंडितभाऊंनी आणलेला टेपरेकॉर्डर, पोरं, कुत्री. पितांबर नवा शर्ट घालून आला होता. भागाबाई पुऱ्या लाटायला बायकांत बसली, पण तिचा डोळा मुलावर. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला (मान बरोबर कलली होती), मग विहिरीच्या पलीकडे जाऊन, पाठ आमच्याकडे करून, ताट मांडीवर घेऊन बसला. मी मनात म्हटलं, राम राम.

आणि तेवढ्यात पंडितभाऊ निघाले. माणूस वाईट नाही हो. त्यांना वाटलं पोरगं एकटं पडलंय, त्याला माणसात आणावं. पुरीत भरीत घेतलं, भलामोठा घास केला आणि विहिरीकडे गेले. त्यांच्या मागे आमचं अर्धं ऑफिस, कारण आग्रह बघण्यात खाण्यापेक्षा जास्त मजा असते.

“घे रे, एक घास. माझ्या हातचा.”

“नको.”

“अरे, नव्या नवरीसारखा लाजतोस काय! आ कर.”

“लाजत नाही. नको.”

“माझा मान नाही ठेवायचा? एवढ्या लोकांत?” आणि हात तोंडाशी.

मी डोळे मिटले. टेबल नव्हतं, विहीर होती. पण पितांबर ओरडला नाही. त्यानं उठून दोन पावलं मागे घेतली आणि पंडितभाऊंच्या शर्टाच्या बटणाकडे बघत विचारलं, “पंडितभाऊ, तुम्ही शेठजींना का भरवत नाही?”

सगळ्यांच्या माना वळल्या. शेठजी पलीकडे आंब्याखाली चटईवर एकटे बसले होते. ते जैन. वांगं खात नाहीत, कांदा-लसूण नाही, दिवस मावळायच्या आत घरचा डबा खाऊन मोकळे होतात. ही पार्टी दरवर्षी तेच देतात आणि दरवर्षी तसेच बाजूला बसतात. त्यांच्याकडे घास घेऊन जायचं आजवर कुणाच्या स्वप्नात आलं नाही.

“शेठजी नको म्हणतात तेव्हा तुम्ही थांबता,” पितांबर म्हणाला. “मी नको म्हणतो तेव्हा थांबत नाही. फरक काय ते सांगा. मी लक्षात ठेवीन.”

टोमणा नव्हता, नाना. मी त्याला वर्षभर पाहते आहे, टोमणा त्याला मारता येत नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पंडितभाऊंचा हात घासासकट हवेत. ते म्हणाले, “अरे बाबा, त्यांचा तो धर्म आहे!” तर चुलीपासून भागाबाई लाटणं घेऊन उठली. “शेठजीना धरम शे, मना पोर्‍याना सोभाव शे! नको म्हणजे नकोच ना भाऊ, दोन्हीस्नं!” मग तिला आपण कुणासमोर बोललो ते कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

शेठजींनी डबा खाली ठेवला. मला वाटलं उठून जातात. पण त्यांच्या पोटापासून काहीतरी हलायला लागलं आणि ते इतके हसले की टोपी चटईवर पडली. हसू ओसरल्यावर त्यांनी हाक मारली, “इकडे ये रे. माझ्याजवळ बस. इथं कुणी आग्रह करत नाही. म्हणून तर मी दरवर्षी एकटा जेवतो.”

“बसतो,” पितांबर म्हणाला. “पण बोलणार नाही.”

“मी पण जेवताना बोलत नाही,” शेठजी म्हणाले.

आणि दोघं आंब्याखाली बसले. एकानं मेथीचा ठेपला खाल्ला, एकानं भरीत-पुरी. मध्ये हातभर जागा. जेवून झाल्यावर पितांबर उठला, हात धुतले, आणि गिळल्यावर बऱ्याच वेळानं, कुणीही विचारलं नसताना, आमच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाला, “वा!”

सोमवारी शेठजींनी सांगितलं की याला कायम करतो. पंडितभाऊ कुरकुरले की मग उद्या सगळेच सवलती मागतील. शेठजी म्हणाले, मागू दे. तेव्हापासून मी तो ‘सवलत’ शब्द उलटसुलट करून बघते आहे. हिशेबनिसाला दमा म्हणून ऑफिसात उदबत्ती लावत नाहीत. ड्रायव्हर अमावस्येला गाडी काढत नाही म्हणून माल एक दिवस थांबतो. शेठजींचं ताट वेगळं. माझं विणकाम. याला कुणी सवलत म्हणत नाही, याला ‘आमच्याकडची पद्धत’ म्हणतात. आणि पंडितभाऊंचा चष्मा! त्याच संध्याकाळी मी आत होते आणि ते दोघंच बाहेर. पंडितभाऊ दारातूनच खाकरले (आधी आवाज दिला, नाना!) आणि हलक्या आवाजात म्हणाले, “पितांबर, एवढं पत्र वाचून दाखव. चष्मा घरी राहिला.” पितांबर म्हणाला, “चष्मा तुमच्या खिशात आहे.” मग पंडितभाऊंचा आवाज आला, असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “आहे. पण लावून उपयोग नाही रे. लहानपणापासून अक्षरं जागेवर थांबत नाहीत माझ्यासाठी.” पितांबर म्हणाला, “मग रोज चार वाजता वाचतो. चहाच्या वेळी मी बाहेर एकटाच असतो.” एवढंच. ना नवल, ना कीव. आता चारला लिंबाखाली दोघं असतात. एक पेला आणि एक कपबशी.

बावीस वर्षं आम्ही सगळे त्या चष्म्याला ‘घरी राहिला’ म्हणत होतो आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. मला कळलं ते इतकंच की आपण सगळे आपापल्या अडचणीला एकेक निमित्त शिवून घालतो आणि लोक त्या निमित्ताला मान देतात. पितांबरला निमित्त शिवता येत नाही. तो सरळ सांगतो, ट्यूब आवाज करते, मला हात लावू नका, नको. खरं सांगतो म्हणून त्याची नोकरी जायची वेळ येते. हे काही बरोबर नाही, नाना. कायद्यात त्याचं नाव नसेल, पण ज्या भिंतीकडे तोंड करून तो वर्षभर नीट काम करतो ती भिंत त्याला मिळायला हवी. कुणाच्या मेहेरबानीवर नाही, माझ्या खुर्चीसारखी.

आणि नेमकी तीच भिंत पडते आहे. शेठजींचा मुलगा पुण्याहून नवं शिकून आला आहे. ऑफिस आणि गिरणी यांच्यातली भिंत काढून मोठा हॉल, सगळे एकत्र, मध्ये फक्त काचा. संक्रांतीनंतर आम्ही तिथे बसायचं. पॉलिशच्या मशिनीपासून वीस हातांवर. परवा शेठजी म्हणाले, बाई, मी पितांबरचं सगळं ऐकलं, पण मिल बंद ठेवून तर डाळ होत नाही. महिनाअखेरपर्यंत त्यानं त्या हॉलमध्ये बसून दाखवावं, मग मी सही करतो. पितांबर जाऊन बघून आला. चेहरा पांढराफटक. टाचणीच्या डबीला म्हणाला, “तिथे मला काम करता येणार नाही. पण नोकरी मला पाहिजे.” आम्ही कानांत कापूस घालून पाहिला. भागाबाईची लोकरीची टोपी घालून पाहिली, वर माझा मफलर. शेताची राखण करणाऱ्यासारखा दिसायला लागला, आणि आवाज तसाच.

असो. इकडचं हे असं आहे. फार लिहिलं. वहिनींना माझा नमस्कार आणि तुमच्या सूनबाईला आशीर्वाद. आमच्या भाच्याचं, सुधाकरचं लग्न माघात आहे, पत्रिका वेगळी येईलच. तब्येतीला जपा.

तुमची धाकटी बहीण,
कुंदा

ता.क. (सिस्टर, क्षमा असावी.) नाना, फॅक्टरीत तुम्हाला कानांवर लावायचे ते हेडफोनसारखे जाड गोळे मिळायचे. तुम्ही त्यांना इअर मफ म्हणायचा. तसले जळगावात दुकानी मिळत नाहीत, मी सगळी नवी पेठ पालथी घातली. निवृत्त होताना तुम्ही ते घरी आणले होते, हे मला माहीत आहे. असतील तर धुळे-जळगाव गाडीच्या कंडक्टरजवळ तिळगुळाच्या डब्यात घालून पाठवाल का? संक्रांतीच्या आत. खरं सांगायचं तर वरचं सगळं पत्र या चार ओळींसाठी आहे.

ता.क. २. ते घरी आणले होते हे मला कसं माहीत, तर चार वर्षांपूर्वी तुमच्या शकूच्या लग्नात बँड दारात आला तेव्हा तुम्ही ते घालून मांडवात उभे होता. सगळे हसले, मीही हसले. वहिनींनी सांगितलं की यांचा कान ठणकतोय. त्यानंतर आमच्याकडच्या एकाही लग्नाला तुम्ही आला नाहीत, दर वेळी गुडघा. आणि त्याही आधी, लहानपणी प्रत्येक लग्नात वाजंत्री सुरू झाली की तुम्ही बैलांपाशी जाऊन उभे राहायचा. आम्ही म्हणायचो, नानाला बैलांचं वेड आहे. नाना, तुम्हाला बैल आवडायचे का? आपल्याकडे हे कुणी तुम्हाला विचारलेलं मला आठवत नाही. पितांबरमुळे मला आता विचारायचं कसं ते कळलं आहे, म्हणून विचारते. वाटलं तर लिहा, नाही वाटलं तर नका लिहू.

ता.क. ३. सुधाकरच्या लग्नाला गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. बँड पुढच्या दारी वाजेल. तुम्ही मागच्या दारानं या. परसात शेवग्याखाली तुमचं पान मांडते, पाठ मांडवाकडे. घास घेऊन कुणी येणार नाही, मी स्वतः उभी राहीन. शेजारी आणखी एक पान असेल, त्या माणसाशी बोलायची गरज नाही, तोही बोलणार नाही.

ता.क. ४. वरचा पहिला ता.क. नीट वाचा आणि मग हा वाचा. इअर मफचे दोन जोड असतील तरच एक पाठवा. एकच असेल तर तो पाठवू नका. तो तुमचा आहे. घालून या.